मार्केट रिसर्चमध्ये करिअर करायचं? आधी खोटा फॉर्म कसा पकडला जातो ते ऐका

(भागाचा मजकूर. बोलताना अडखळलो ते आणि चहाचा ब्रेक काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

या वेळचा विषय आपल्या एका श्रोत्या ताईंनी दिलाय. त्या शहाद्याच्या, मीही शहाद्याचा, त्यामुळे व्हॉइस मेसेज ऐकल्या ऐकल्या ठरवलं की पुढचा भाग हाच करायचा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी केलंय. एका सर्वेच्या कामासाठी विचारणा झालीये. गावोगाव जाऊन टॅबवर फॉर्म भरायचे. घरचे म्हणतात, एवढं शिकून लोकांची दारं वाजवायची का? तुम्ही सांगा, यात पुढे काही करिअर असतं का?"

ताई, असतं. पण त्यात शिरायचा दरवाजा कुठला, आत काय आहे आणि कुठे पाय घसरतो, हे सगळं सांगतो. पाय घसरण्याचा अनुभव माझा स्वतःचा आहे. तोही आज सांगून टाकतो.

मी काही मार्केट रिसर्चवाला नाही. इंजिनिअर आहे, पण ज्या सॉफ्टवेअरवर असे सर्वे चालतात तसल्या सॉफ्टवेअरवर काही वर्षं काम केलंय. त्यामुळे या धंद्याची मागची बाजू बऱ्यापैकी पाहिली आहे.

मार्केट रिसर्च म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे मार्केटिंग आणि मार्केट रिसर्च यात गल्लत होते. मार्केटिंगवाला सांगतो, मार्केट रिसर्चवाला विचारतो. एवढाच फरक लक्षात ठेवा. सर्वेला आलेला माणूस तुम्हाला काही विकायला लागला तर तो सर्वे नाही, समजून जा.

एक उदाहरण घेऊ. आपल्या तालुक्यात पपई आणि केळी भरपूर. समजा ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीला कळत नाहीये की शहादा भागात तिचा माल का उचलला जात नाही. महाग वाटतो? दुकानदार दुसऱ्या कंपनीचा पुढे करतो? अनुदानाच्या कागदपत्रांचा कंटाळा येतो? की दोन वर्षांत नळ्या तुंबतात, म्हणून नाव खराब झालंय? मुंबईत एसीत बसून हे ठरवता येत नाही. मग कंपनी एखाद्या रिसर्च एजन्सीला काम देते.

एजन्सी दोन तऱ्हेनं काम करते. पहिली तऱ्हा आकड्यांची: ठरावीक प्रश्न, शेकडो माणसं, शेवटी टक्केवारी. दुसरी तऱ्हा गप्पांची: सहा ते आठ शेतकरी एकत्र बसवायचे, एक मॉडरेटर दीड-दोन तास त्यांना बोलतं करतो. शहरात यासाठी खास खोल्या असतात, एकतर्फी काच असते आणि काचेपलीकडे क्लायंट बसून ऐकतो. आपल्याकडे कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी टाकून तेच काम होतं. "किती लोक" हे आकडे सांगतात. "का" हे गप्पांतून कळतं.

तिसरा एक प्रकार दुकानांचा असतो. रिटेल ऑडिट म्हणतात. निवडलेल्या किराणा दुकानात माणूस दर महिन्याला जातो. सुरुवातीचा साठा अधिक मधली खरेदी, वजा शेवटचा साठा, म्हणजे विक्री. पाचवीतलं गणित आहे, पण हजारो दुकानांतून सतत केलं की कुठला बिस्किटपुडा वर चाललाय आणि कुठला खाली, ते कंपनीला कळतं.

हा धंदा आला कुठून?

लोकांच्या दारात जाऊन शिस्तीत माहिती घेणं आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. मी सध्या पुण्यात पिंपळे सौदागरला भाड्यानं राहतो. आज तिथे टॉवर आणि आयटीवाल्यांची गर्दी. पण हेच गाव शंभर वर्षांपूर्वी हॅरॉल्ड मान यांनी घर न् घर, शेत न् शेत तपासलं होतं. ते पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपल. १९१७ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. गावातल्या जमिनीचे वारसावारसात कसे तुकडे पडत गेले, कर्ज किती, खर्च किती, हे त्यात आकड्यांत होतं. तो काही मार्केट रिसर्च नव्हता. पण "गाव गरीब आहे" असं नुसतं म्हणण्याऐवजी मोजून सांगायचं, ही सवय तीच. पुढे पुण्यातच १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली पुणे शहराची अशीच सविस्तर पाहणी झाली.

देशपातळीवर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू केली. हीच ती एनएसएस. कंपन्यांसाठी काम करणाऱ्या संस्था त्यानंतर आल्या. १९६० मध्ये विक्रम साराभाईंनी वडोदऱ्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला. हो, इस्रोवालेच साराभाई. म्हणजे आपल्या शहाद्यातून गुजरातची हद्द ओलांडून थोडं पुढे गेलं की या धंद्याचं एक जन्मगाव लागतं. १९७० मध्ये मुंबईत आयएमआरबी सुरू झाली, जी आज कांतार या नावाखाली आहे. कांतार, नील्सन, इप्सॉस ही नावं नोकरी शोधताना तुम्हाला वारंवार दिसतील.

शितावरून भाताची परीक्षा, पण कुठलं शीत?

सॅम्पल म्हणजे काय, ते आपल्या आयांना आधीपासून माहीत आहे. शितावरून भाताची परीक्षा. पण भात नीट ढवळलेला हवा. पातेल्याच्या कडेचं शीत घेतलं तर कच्चं निघेल, तळाचं घेतलं तर करपलेलं.

समजा मी सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला उभा राहिलो आणि ५०० लोकांना विचारलं, "तुमच्याकडे घोडा आहे का?" जो आकडा येईल तो घेऊन मी सांगितलं की नंदुरबार जिल्ह्यात इतक्या टक्के लोकांकडे घोडा आहे. हसाल ना? पण शहाद्याच्या बसस्टँडवर उभं राहून "तालुक्यातले लोक कुठला मोबाइल वापरतात" हे विचारणारा तीच चूक करतो. शेतावर कामाला गेलेली बाई त्याला भेटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा माणूस भेटत नाही.

ही चूक किती महागात पडते याचं जगप्रसिद्ध उदाहरण १९३६ सालचं. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या मासिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. एवढा प्रचंड आकडा! त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, तेही दणदणीत. कारण मासिकानं पत्ते घेतले होते फोनच्या डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या नोंदणीतून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे असणार? त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान सॅम्पल घेऊन बरोबर निकाल सांगितला.

तुम्ही गणिताकडच्या असाल तर हे लक्षात ठेवा: नीट, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली ४०० माणसं असली तर टक्केवारी साधारण ५ अंक इकडेतिकडे होते. चूक निम्म्यावर, म्हणजे अडीचवर आणायची असेल तर ४०० चे ८०० करून भागत नाही, १६०० लागतात. चौपट. म्हणून क्लायंट आणि एजन्सी यांची अर्धी घासाघीस सॅम्पलच्या आकड्यावर असते.

दारात उभं राहिल्यावर

आता ताईंच्या घरच्यांचा प्रश्न. "दारं वाजवणं" हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

गावात गेल्यावर आवडेल त्या घरात शिरायचं नसतं. सुरुवातीची जागा ठरलेली असते, समजा मारुतीचं मंदिर किंवा शाळा. तिथून उजव्या हातानं चालायचं, ठरावीक घरं सोडून पुढच्या घरात जायचं. घर बंद असेल तर नोंद करायची, परत यायचं. घरात गेल्यावर दार ज्यानं उघडलं त्यालाच विचारायचं असंही नाही. लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये एक तक्ता दिला, त्याला किश ग्रिड म्हणतात. घरातल्या माणसांची वयानुसार यादी करायची आणि कोणाला विचारायचं ते तक्ता ठरवतो. नाहीतर होतं काय, दुपारी घरी असलेली माणसंच सगळ्या सर्वेत येत राहतात.

मग चाळणीचे प्रश्न. "तुमच्या घरात कोणी जाहिरात, मीडिया किंवा मार्केट रिसर्चमध्ये काम करतं का?" हो म्हणालं की धन्यवाद म्हणून बाहेर. कारण त्यांना आतली गोष्ट माहीत असते.

पुढे घराचा वर्ग ठरवायचा. इथे गंमत बघा. "महिन्याला किती कमावता?" असं सरळ विचारत नाहीत. नोकरदार माणूस कमी सांगतो, मुलाचं लग्न काढलेला जास्त सांगतो आणि शेतकऱ्याला तर महिन्याचा आकडाच नसतो, पपईचा भाव काय लागला त्यावर वर्ष ठरतं. म्हणून २०११ मध्ये भारतीय मार्केट रिसर्च सोसायटीच्या पुढाकारानं एक पद्धत आली, एनसीसीएस. त्यात दोनच गोष्टी पाहायच्या: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी. आणि अकरावी? शेतजमीन. यावरून घर ए-१ ते ई-३ अशा १२ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसतं.

आणि भाषा. फॉर्म येतो पुस्तकी मराठीत. आपल्याकडे एकाच दिवसात एका घरी अहिराणी, दुसऱ्या घरी गुजरी, तिसऱ्या घरी भिली किंवा पावरी. "आपण कोणत्या प्रकारचे प्रक्षालक वापरता" असं वाचून दाखवलं तर आजी म्हणेल, काय म्हणतोय हा पोरगा. "कोणता साबण वापरतस तुम्ही?" म्हटलं की गाडी सुरू. पण प्रश्न बदलताना अर्थ बदलायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. "हा साबण चांगला आहे ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतोच. पाहुण्याला नाही कोण म्हणणार?

सुनेला सासूसमोर विचारलं तर एक उत्तर, चुलीपाशी एकटीला विचारलं तर दुसरं. म्हणूनच या कामात मुली लागतात. पुरुष इंटरव्ह्यूअरला ओसरीच्या आत येऊ देत नाहीत, तिथे बाई जाऊन तासभर बोलून येते. ताई, घरच्यांना हे जरूर सांगा. तुम्हाला विचारणा झाली त्यामागे हेही कारण असू शकतं.

मी भरलेले सहा फॉर्म

आता माझी गोष्ट. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत मी असंच काम घेतलं होतं. कपडे धुण्याच्या पावडरचा सर्वे. कागदी फॉर्म, एकूण ४०. फॉर्ममागे पैसे. एजन्सीचं नाव घेत नाही, त्यांची चूक नव्हतीच.

चौतीस फॉर्म नीट भरले. शेवटच्या दिवशी सहा राहिले. संध्याकाळ झालेली, शेवटची एसटी सुटायची भीती, दोन घरं बंद, एका घरी कुत्रं. मी पारावर बसलो आणि सहाच्या सहा फॉर्म स्वतःच भरून टाकले. इतकी घरं पाहिली होती, लोक काय म्हणतात ते मला पाठ झालंय असं वाटलं. मोबाइल नंबर मित्रांचे टाकले आणि त्यांना सांगून ठेवलं.

चार दिवसांनी सुपरवायझरनं बोलावलं. त्यानं मित्रांना फोनसुद्धा केला नव्हता. सहा फॉर्म बाजूला काढून ठेवले होते. म्हणाला, "या सहा घरांत एकालाही काही माहीत नाही असं नाही. एकानंही उत्तर फिरवलं नाही. एवढी शहाणी माणसं एका गावात कुठून आली?"

मी गप्प.

खरी माणसं "माहीत नाही" म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाला एक सांगतात आणि दहाव्याला त्याच्या उलट. मधेच पावडर सोडून रेशनच्या तांदळाबद्दल बोलतात. माझे फॉर्म फार स्वच्छ होते.

त्यानं सगळ्याच ४० फॉर्मचे पैसे रोखले. म्हणाला, आता चौतिसावर तरी मी कसा विश्वास ठेवू? ते ऐकताना सगळ्यात जास्त लागलं, कारण ते चौतीस मी खरंच उन्हात फिरून भरले होते. मग त्यानं एक संधी दिली. ती सहा घरं परत कर, बाकीचे मी स्वतः तपासतो.

गेलो. त्यातल्या एका घरी एक मावशी भेटल्या. रोज पाच रुपयांची पुडी आणायच्या. माझ्या खोट्या फॉर्ममध्ये मी अशा सगळ्यांसाठी एकच कारण लिहिलं होतं: "एकदम पैसे नसतात." मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, पैसे आहेत रे बाबा. पण मोठा पुडा घरात दिसला की पोरं मूठ मूठ टाकतात आणि शेजारीण मागायला येते. पुडी असली की पुडीपुरतंच धुणं होतं.

म्हणजे पुडी त्यांच्यासाठी स्वस्ताईची गोष्ट नव्हती, हिशोबाची होती. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. पारावर बसून मी जे लिहिलं ते मला आधीच माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. कंपनीनं त्यासाठी पैसे द्यायची गरजच काय?

शेवटी पैसे मिळाले, सहा फॉर्म परत केल्यावर. उशिरा मिळाले, पण पूर्ण.

पुढे नोकरीत मी नेमकी हीच चोरी पकडणारा कोड लिहिला. टॅबवर प्रत्येक उत्तराची वेळ नोंदली जाते. वीस मिनिटांचा फॉर्म पाच मिनिटांत झाला की लाल खूण. सहा घरांचं लोकेशन एकाच पारावर आलं की लाल खूण. मधूनमधून आवाज रेकॉर्ड होतो, तोही आधी परवानगी घेऊन. सगळ्या प्रश्नांना ओळीनं तोच पर्याय, लाल खूण. शिवाय काही टक्के घरांना परत फोन करतात किंवा दुसरा माणूस पाठवतात, त्याला बॅक-चेक म्हणतात. तेव्हा पारावर बसायचा विचार असेल तर सोडा.

आणि हे फक्त पैसे कापण्यापुरतं नाही. मोठ्या सर्वेत आपल्यासारख्या भागातली मोजकीच गावं येतात. मग हिशोबात त्या एका गावाला आजूबाजूच्या कितीतरी गावांचं वजन दिलं जातं. तिथले सहा फॉर्म खोटे असले तर सहा घरं नाही, हजारो घरं चुकतात. नंतर आपणच म्हणतो, आमच्याकडे अमुक सेवा का येत नाही, आमच्या गरजा कोणाला कळत कशा नाहीत.

फॉर्मच्या पुढे कोणकोणती कामं असतात?

फिल्ड ही पहिली पायरी. बारावी किंवा कुठलीही पदवी चालते. वर्षभर नीट काम केलं की सुपरवायझर, मग फिल्ड मॅनेजर. बरेच जण तिथेच राहतात, त्यातही चांगले टिकतात.

दुसरी वाट ऑफिसातली. प्रश्नावली टॅबवर चढवणारा, म्हणजे स्क्रिप्टर: "प्रश्न ४ ला नाही म्हटलं तर थेट ९ वर जा" असलं लॉजिक तो बसवतो. डिप्लोमा किंवा बीसीएवाल्यांना हे जमतं. मग डेटा प्रोसेसिंग: साफसफाई, वजनं लावणं, तक्ते काढणं. मग कोडिंग, पण हे आमचं प्रोग्रॅमिंगवालं कोडिंग नव्हे. लोकांनी मोकळी दिलेली उत्तरं वाचून त्यांचे गट पाडणं. त्याच्यापुढे ॲनालिस्ट आणि रिसर्च एक्झिक्युटिव्ह, जो क्लायंटशी बोलतो, प्रश्नावली लिहितो, शेवटचा रिपोर्ट मांडतो. इथे एमबीए, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी मागतात. अहमदाबादचं मायका, पुण्याची गोखले संस्था, मुंबईत देवनारची आयआयपीएस ही ठिकाणं बघून ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून आयआयपीएसच्याच देखरेखीखाली होतं.

ताई, तुमचं स्टॅटिस्टिक्स आहे, म्हणून सरकारी वाटही सांगतो. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर होता येतं. हे अधिकारी एनएसएससाठी अशाच पाहण्या करतात. फिल्डचा अनुभव तिथे वाया जात नाही.

टूल म्हणाल तर आधी एक्सेल, त्यातही पिव्होट टेबल हाताला बसेपर्यंत. नंतर एसपीएसएस, किंवा फुकटात शिकायचं तर आर आणि पायथन. इंग्रजीत दोन पानं साधी, नीट लिहिता आली पाहिजेत. भारी इंग्रजी नको.

आता कडू भाग. ऑफिसातल्या चांगल्या जागा बहुतांश मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरूत. फिल्डचं काम कंत्राटी आणि हंगामी. कधी महिनाभर श्वास घ्यायला वेळ नाही, कधी दोन महिने फोन नाही. पैसे उशिरा येणं सर्रास. म्हणून काम घेण्याआधी हे लेखी विचारा: फॉर्ममागे दर किती की रोजावर? प्रवासाचे पैसे वेगळे का? ट्रेनिंगच्या दिवसाचे पैसे मिळतात का? फॉर्म रिजेक्ट झाला तर कारण सांगतात का? ओळखपत्र आणि पत्र देणार का? मुलींनी अजून एक विचारा, जोडीला कोण असेल आणि अंधार पडायच्या आत परतायची सोय काय. यावर समोरचा टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

फसवणूक आणि लोकांची माहिती

"घरबसल्या सर्वे भरा, दिवसाला दोन हजार कमवा" असे मेसेज तुम्हाला आले असतील. आधी शंभर-दोनशे खरंच देतात, मग "मोठ्या टास्क"साठी तुमच्याकडून पैसे मागतात आणि गायब. नियम सोपा आहे. कामासाठी तुम्हाला पैसे मिळतात, तुम्ही द्यायचे नसतात. रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, ओटीपी काही मागितलं की ब्लॉक. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि तुम्ही स्वतः दारात जाल तेव्हा समोरच्यालाही हीच भीती असते. देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. माहिती देणं आपल्या लोकांना नवीन नाही. त्या माहितीचं पुढे काय झालं हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही. मार्केट रिसर्चमध्ये नाव-नंबर हे फक्त तपासणीसाठी असतात, रिपोर्टमध्ये जातात ते एकत्र केलेले आकडे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. तेव्हा कोण आहोत, कशासाठी विचारतोय, किती वेळ लागेल, आणि नको वाटलं तर मधेच थांबता येईल, हे आधी सांगायचं. आधार नंबर, बँक खातं, ओटीपी कधीच विचारायचं नाही.

एआय हे सगळं खाणार का?

विचाराल म्हणून आधीच सांगतो. कोडिंग, भाषांतर, तक्ते, रिपोर्टचा पहिला मसुदा, यातलं बरंच एआय करायला लागलंय. नुसतं कॉपी-पेस्टचं काम येत असेल तर धोका आहे. काही कंपन्या तर खऱ्या माणसांऐवजी एआयलाच "तू नंदुरबार जिल्ह्यातली पस्तीस वर्षांची गृहिणी आहेस, उत्तर दे" असं विचारून बघतायत.

मला ते ऐकलं की माझा पार आठवतो. एआय उत्तर देईल, छान, स्वच्छ देईल. पण ते आधी लिहिलं गेलेलं सगळं वाचून दिलेलं उत्तर आहे. पाच रुपयांच्या पुडीचा हिशोब त्या मावशींनी आधी कुठे लिहून ठेवला होता? आपल्या पट्ट्यातलं तर फारच थोडं लिहिलं गेलंय. कोणीतरी दारात जाऊन ऐकून आणल्याशिवाय ते मशीनला कळणार नाही. म्हणून ज्याला अहिराणी, गुजरी किंवा पावरी येते, ज्याला गावात पाणी विचारलं जातं आणि ज्याच्या हातात आकडेही आहेत, त्या माणसाची किंमत कमी होईल असं मला वाटत नाही.

महिनाभरात काय करून बघाल?

ताई आणि बाकी मंडळी, नोकरी धरायच्या आधी घरच्या घरी एक प्रयोग करा. एक साधा विषय घ्या. समजा "आमच्या गल्लीत भाजी कुठून आणि का घेतात." दहाच प्रश्न लिहा. आधी पाच घरांत वापरून बघा, निम्मे प्रश्न बदलावे लागतील. मग नियम ठरवून, घरं सोडत सोडत, तीस घरं करा. एक्सेलमध्ये भरा. एक पानाचा रिपोर्ट लिहा, त्यात तुम्हाला आधी वाटत होतं पण खोटं निघालं असं एक तरी असू द्या. मुलाखतीला गेलात की हे पान पुढे ठेवा.

सोबत केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवरून घरगुती खर्चाच्या पाहणीचा डेटा उतरवा, फुकट आहे. २०२३-२४ च्या पाहणीत देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च गावात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. आपल्या घराचा हिशोब त्याच्या शेजारी मांडून बघा. सरासरी या शब्दाच्या पोटात किती काय लपतं ते एका संध्याकाळीत कळेल.

आणि घरच्यांना सांगा, दारं वाजवायची लाज नाही. न वाजवता वाजवली असं लिहिलं तर ती लाज. मी लिहिलं होतं, म्हणून सांगतो.

तीस घरांचा प्रयोग केलात तर काय सापडलं ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. निवडक मेसेज पुढच्या भागात, तुमची परवानगी घेऊनच, लावू. भेटू मग. काळजी घ्या.